डॉक्टर कुणाशी बोलत होते

विश्रांतवाडी, पुणे
११ नोव्हेंबर

शकू, जयभीम.

'सप्रेम' मुद्दाम गाळला आहे. फोन उचलशील तेव्हा घालीन.

गेल्या आठवड्यापासून तुला फोन करते आहे. दर वेळी हिंमतराव उचलतात आणि "ती आंघोळीला गेली" म्हणतात. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, रात्री जेवणानंतरही आंघोळ. नागपूरला पाणी इतकं मुबलक झालं आहे हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला खोटं बोलायला लावायचं तर निदान चार वेगवेगळी खोटी तरी शिकवायची. जन्मभर एसटी चालवलेला माणूस तो, सरळ रस्त्याने जाणारा. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र काही आंघोळीला जात नाही.

आणि हिंमतराव, तिच्या डोळ्यांना ताण नको म्हणून हे तुम्हीच मोठ्याने वाचणार. तेव्हा मधलं काही गाळायचं नाही. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

आता मुद्दा. ऑगस्टमध्ये तू माझ्याकडे डोळे दाखवायला आलीस. मी तुला सदाशिव पेठेत नेलं, जिथे लोक पार साताऱ्याहून येतात. बाप-लेक दोघेही डोळ्यांचे डॉक्टर, म्हणून धाकट्यांना सगळे नावाने ओळखतात, डॉक्टर अनिरुद्ध. धाकटे म्हणजे पंचावन्नचे. त्यांनी काचबिंदू सांगितला, थेंब दिले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते, हेही सांगितलं. तुझ्या डाव्या डोळ्याची कड गेलीच आहे. उजवा अजून धड आहे. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायला आलीस तर डोळ्यांचा दाब तसाच. डॉक्टर म्हणाले, थेंब नेमाने घाला, तीन महिन्यांनी या. एवढंच. त्यावर तू उठलीस, चपला घातल्यास, मला न विचारता रिक्षा केलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने नागपूर. मला स्टेशनवर येऊ दिलं नाहीस. डब्यासाठी केलेल्या तिळाच्या पोळ्या मी एकटीने संपवल्या.

अगं, ते पुणेरी डॉक्टर आहेत. ते असंच बोलतात. 'बसा' म्हणत नाहीत. खुर्ची समोर असते, ती दिसते की नाही हीच पहिली तपासणी. सगळ्यांशी तसंच. माझ्याशी जरा नीट बोलले, कारण मी त्यांना इंग्रजीत धरलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शिकवायच्या, समोरचा तुसडा असला की पाठ ताठ करायची आणि पूर्ण वाक्यात बोलायचं. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी त्या एका शिकवणीवर निवृत्त झाले.

आणि तुझी बाजूच सावरली मी. म्हटलं, घरच्या कामात एखादा थेंब राहून जात असेल. यात रागावण्यासारखं काय आहे?

थेंब घाल. फोन उचल.

ताई


२४ नोव्हेंबर

शकू, जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनला वाटलं, कोर्टाची नोटीस आहे. एवढं दाबून पत्ता कोण लिहितं?

तू लिहितेस, "तुम्ही दोघं इंग्रजीत बोलून राहिले होते अन् मी मधात बसली होती बाजारातल्या पिशवीसारखी. पिशवीले कोणी विचारते का, तुझ्यात काय आहे म्हणून?"

अजूनही अगदी आईच्या बोलीत लिहितेस. पण हे अतिशयोक्त आहे. मी दोनदा तुझ्याकडे वळून पाहिलं होतं.

पुढे तू लिहितेस, "तो म्हणाला, पीपल फ्रॉम दॅट बॅकग्राउंड, ते औषध नेमानं घेत नाहीत. अन् तू मान हलवली. ताई, मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होती. कोणाचं काय बॅकग्राउंड, ते लिहून लिहून माझी बोटं झिजली. मले ते दोन शब्द कळत नाहीत असं वाटलं काय तुले?"

मी मान हलवली ती ऐकते आहे अशा अर्थाने. कॉन्व्हेंटमध्ये तशी सवय लावतात. आणि ते आपल्याबद्दल बोलताहेत असं मला वाटलं नाही. मला वाटलं, बाहेरगावच्या लोकांबद्दल असेल. निवृत्त बायकांबद्दल असेल.

हिंमतराव, इथे तिच्याकडे बघून हसू नका.

बरं, असू दे. त्यांनी तुझ्या कागदावरचं 'मेश्राम' वाचलं, मग चष्म्यावरून वर पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. हे मी पाहिलं होतं. हे न दिसायला मला काही काचबिंदू नाही. तशी नजर मी शाळेत पाहिली, ऑफिसात पाहिली, जागा भाड्याने शोधताना तर जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर पाहिली. म्हणून मी कुठेही गेले की आधी टेलिफोन खातं सांगते, मग इंग्रजी बोलते आणि आडनाव सगळ्यात शेवटी. तोपर्यंत समोरचा अर्धा गार झालेला असतो. त्या दिवशी तुझा दाब मोजून घ्यायचा होता. भांडण पुढे ढकलता येतं, डोळा ढकलता येत नाही, असं मला वाटलं. तुला वाटलं, मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची तर तुझ्या शेजारचीच होती, पण तुझं म्हणणं माझ्या ध्यानात आलं आहे.

आता जे सांगते ते तुझ्या नवऱ्याने तुला न सांगता केलेलं आहे, पण मी काही लपवणार नाही, कारण हिंमतरावांनाच हे वाचायचं आहे. बिचारे, आता कसे वाचतात बघू. परवा त्यांचा फोन आला होता. गच्चीवरून बोलत होते, कबुतरं ऐकू येत होती. म्हणाले, "ताई, तुम्ही डॉक्टरले काय सांगितलं, थेंब राहून जाते? थेंब ती टाकतच नाही. मी टाकतो. सकाळी चहाच्या आधी अन् रात्री जेवण झाल्यावर. तिले आडवी पाडतो, डोळा धरतो अन् टाकतो. ती शिव्या देते, तरी टाकतो. एकही नाही चुकला. मी गाडी कधी उशिरा नाही सोडली, थेंब कसा सोडीन?"

शकू, मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

कारण याचा अर्थ वेगळाच होतो. थेंब नेमाने पडताहेत आणि दाब तरीही तसाच आहे, तर औषध पुरत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेले 'आणखी तीन महिने' फुकट जाणार आहेत, तेही तुझ्या उजव्या डोळ्याच्या खर्चाने. त्यांनी गृहीत धरलं की तू घालत नाहीस. आणि तसं गृहीत धरायला खोलीत कुणीतरी मदत केली.

मी आता रागावले आहे. तुझ्यावर नाही. सोमवारी सदाशिव पेठेत जाते. नंबर लावला आहे, माझ्याच नावाने.

ताई


२ डिसेंबर

शकू, जयभीम.

जाऊन आले. कॉफी करून घेतली आहे, पाय स्टुलावर आहेत आणि मी अतिशय मजेत आहे. भांडण मनासारखं झालं की मला भूक चांगली लागते.

पण आधी बाहेरच्या बाकाची हकीकत ऐक. नंबर उशिराचा होता, म्हणून मी तिथे कान उघडे ठेवून बसले.

माझ्या शेजारी आप्पासाहेब म्हणून एक गृहस्थ होते, तिथूनच दोन गल्ल्यांपलीकडे राहणारे. ते आतून आले ते हसतच. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"झापलं हो चांगलं! म्हणाले, तुम्हाला आंधळं व्हायची हौस असेल तर माझा वेळ कशाला खाता? चष्मा घरी विसरलो होतो ना." आणि बायकोला फोन लावून पुन्हा तेच सांगितलं, जणू सत्कार झाला. मला म्हणाले, "रागावतात म्हणजे लक्ष आहे. यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना असंच झापलं होतं."

मग मालनबाई आल्या. लोणी काळभोरच्या, डोक्यावर पदर, हातात औषधांची पुडी. आतला आवाज मला बाकावर ऐकू येत होता. तोच आवाज, तीच झापाझापी. बाहेर आल्यावर मी त्यांनाही विचारलं.

"लई मोठा डाक्टर हाय, बाई. देवमाणूस."

"काय सांगितलं त्यांनी?"

"ते काय मला कळलं न्हाई."

"मग विचारायचं ना परत."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगत होते. "येवढ्या मोठ्या मानसाला परत इचारायचं? मी हो हो म्हनलं. आता पोरगी चिठ्ठी वाचंल." मी ती पुडी घेऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं. कुठलं जेवणाआधी, कुठलं नंतर. त्यांनी मला चॉकलेट दिलं, नातवासाठी घेतलेलं.

दार एक, डॉक्टर एक, बोलणं तेच. एकाला वाटलं, घरच्या माणसाने कान धरला. एकीला वाटलं, देव बोलला आणि देवाला उलट विचारायचं नसतं. आणि तू उठून नागपूरला गेलीस. मी आजवर म्हणत आले, "ते सगळ्यांशी तसंच बोलतात." बोलत असतील. पण आप्पासाहेबांना झापलं की त्यांना वडील आठवतात. आपल्याला झापलं की आपल्यालाही वडीलच आठवतात, पण खडकीच्या कारखान्यात साहेबापुढे मान खाली घालून उभे असलेले. मग आपल्याला त्यात माया कशी ऐकू येणार? हे मला बाकावर बसून कळलं, आणि कळल्यावर संताप दुप्पट झाला, कारण तू बरोबर होतीस.

मग माझा नंबर आला. खुर्ची दिसली, पण मी बसले नाही.

म्हटलं, "डॉक्टर, मी आज मराठीत बोलणार आहे."

"बोला. मला येतं."

"माझी बहीण. मेश्राम. तिचे थेंब एकदाही चुकलेले नाहीत. तिचा नवरा घालतो."

त्यांनी कागद काढला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मग त्या दिवशी त्यांनी सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिला विचारलंत का?"

"विचारलं ना."

"मला विचारलंत. इंग्रजीत. ती मध्ये बसली होती."

"आणि तुम्ही म्हणालात, राहून जात असतील."

शकू, माणूस तुसडा आहे, पण त्याची स्मरणशक्ती वाईट नाही. मी म्हटलं, "हो. मी मूर्खपणा केला. पण फी तुम्ही घेता."

आणि मी तिथेच थांबले नाही. मी बोलले. त्या बॅकग्राउंडचं बोलले. म्हटलं, "आमचं बॅकग्राउंड असं, की औषध फुकट घालवणं परवडत नाही. म्हणून थेंब चुकत नाहीत. तुमच्या आप्पासाहेबांचा चष्मा घरी राहतो, ते कुठल्या बॅकग्राउंडमुळे? त्याबद्दल इंग्रजीत काही म्हणता का?" त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. गोरी माणसं लगेच उघडी पडतात.

मग म्हणाले, "ते वाक्य मी बोलायला नको होतं." माफी वगैरे नाही. पुण्यात यालाच माफी म्हणतात. आणि म्हणाले, "थेंब नीट पडत असतील तर ऑपरेशन लागेल. तीन महिने थांबायचं नाही. त्यांना बोलवा."

म्हटलं, "मी नाही बोलवणार. माझं ती ऐकत नाही. तुम्ही बोलवा."

"मी पेशंटना फोन करत नाही."

"मग सुरुवात करा." नंबर टेबलावर ठेवून आले.

फी मात्र घेतली. आता फोन आला की आंघोळीला जाऊ नकोस.

ताई


२० डिसेंबर

शकू, सप्रेम जयभीम.

काल तू फोनवर बोललीस. ठरल्याप्रमाणे शब्द घातला आहे.

पण तुझी अट ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. डॉक्टरांनी तुला स्वतः फोन केला, मराठीत बोलले, थेंब टाकल्यावर डोळा किती वेळ चुरचुरतो ते विचारलं, रात्री जिना उतरताना पायरी दिसते का ते विचारलं, आणि तू म्हणालीस की इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. चांगलं झालं. ऑपरेशन करायला कबूल झालीस, त्याहून चांगलं. "हात चांगला आहे म्हणतात, तोंडाचं पाहून घेऊ," हे तर फारच छान. पण "आत मी एकटी जाईन, ताई बाहेर बसेल"?

मी? बाहेर? जिने त्या माणसाला मराठीवर आणलं, ती बाकावर?

आणि मी विचारलं, तुला नागपूरला तुझे नेहमीचे डॉक्टर बरे वाटत नाहीत का, जे आधी मुलाबाळांची चौकशी करतात आणि मग डोळ्यात बघतात? तर म्हणालीस, "त्यांनीच सांगितलं, पुण्याले जा. अन् या डॉक्टरशी माझं अर्धं बोलणं राहिलं आहे." कसलं अर्धं? मला सांग, मी पुरं करते.

नाही सांगणार. बरं. बसेन बाहेर. पण विणकाम घेऊन बसणार नाही. मी विणत नाही.

खोली झाडून ठेवली आहे. हिंमतरावांसाठी वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून जास्तीची गादी आणली आहे. तुला पुण्याचं पाणी मानवत नाही असं तू म्हणतेस, तेव्हा उकळून देईन. मी भाजीत साखर घालते, ही अफवा कोण पसरवतं मला माहीत नाही.

ताई


१४ फेब्रुवारी

शकू, सप्रेम जयभीम.

तुम्ही दोघं गेल्यापासून घर अगदी नीटनेटकं आहे आणि मला ते आवडत नाही. हिंमतराव पहाटे उठून ज्या खिडकीशी उभे राहायचे, तिथे मी आता उभी राहते. दिसत काही नाही, समोरच्यांची टाकी दिसते.

डोळा कसा आहे ते रोज फोनवर सांगतेसच. दाब उतरला, उजवा वाचला, डाव्यातलं उरलेलंही आहे तिथे थांबलं. हे वाक्य मी रोज एकदा मोठ्याने म्हणते. काल दूधवाल्यालाही सांगितलं.

पण एका गोष्टीचं तू मला अजून उत्तर दिलेलं नाहीस. ऑपरेशनच्या आधी तू आत गेलीस आणि दार लागलं. मी बाकावर. आधी तुझा आवाज, चढलेला. मग त्यांचा, उतरलेला. मग पुन्हा तुझा. आणि मग तो माणूस हसला. शकू, तिथे इतकी वर्षं काम करणाऱ्या कांताबाई झाडू हातात घेऊन दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सायेब हसले काय?" तू बाहेर आलीस ती तोंडाला कुलूप लावून. घरी विचारलं, तर "आमचं बोलणं झालं." संपलं. मी महिनाभर धीर धरला. एवढा धीर मी नोकरीतही धरला नव्हता.

तर परवा मला दवाखान्यातून फोन. डॉक्टरांनी बोलावलंय. मला वाटलं, तुझं काही आहे. तशीच रिक्षा केली. आत गेले तर म्हणाले, "तुमचंच काम आहे. हनुवटी इथे टेकवा."

"मला काही झालेलं नाही."

"ते मी ठरवतो. हलू नका."

दोन्ही डोळे पाहिले. पुन्हा पाहिले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून मराठीत सांगितलं, अगदी सावकाश. दाब वाढलेला आहे, दोन्हीकडे. नस अजून चांगली आहे. वेळेवर आलात. थेंब सुरू करायचे आणि ते आयुष्यभर. आणि म्हणाले, "एका बहिणीला काचबिंदू असला की दुसरीला तपासायचं असतं. मी ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"मग आता कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं. तुमच्या बहिणीला सुचलं. त्या दिवशी आत आल्यावर म्हणाल्या, माझं मागून सांगा, आधी माझ्या ताईचे डोळे पाहिले का ते सांगा. ती सगळ्यांना धरून आणते अन् या खुर्चीत स्वतः कधी बसत नाही. मी म्हटलं, ऑपरेशन होऊ द्या, तुम्ही घरी गेलात की बोलावतो. त्यांनी वचन घेतलं."

म्हटलं, "आणि हसलात कशाला?"

"त्या म्हणाल्या, तिला इंग्रजीत सांगू नका. इंग्रजीत ती ऐकत नाही, नुसती उत्तरं देते."

शकू, तुला लाज वाटायला हवी. परक्या माणसापुढे मोठ्या बहिणीची अशी अब्रू काढतात? आणि तीही बरोबर?

ते सांगत होते आणि मी ऐकत होते आणि मला भीती वाटत होती. इंग्रजीत मला कधी भीती वाटलेली नाही. तिथे मी पाठ ताठ करते. मराठीत 'आयुष्यभर' हा शब्द ऐकला आणि एकदम आईसारखं वाटलं, शेवटी शेवटी ती भिंतीला हात लावत चालायची तशी. तिला काय होतं हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिलाही नव्हतं सांगितलं.

घाबरू नकोस. मी आता घाबरलेली नाही, हे लिहिताना मी चिवडा खाते आहे. वेळेवर कळलं, आणि ते तुझ्यामुळे कळलं, असं मी लिहून देते आहे. हिंमतराव, हे दोनदा वाचा.

थेंबांचं मात्र कठीण आहे. मला आडवी पाडायला इथे कुणी नाही. पहिला थेंब गालावर, दुसरा कानात. तिसरा डोळ्यात गेला तेव्हा मी इतकी खूश झाले की उघडझाप करून तो बाहेर काढला. हिंमतरावांनी फोनवर शिकवावं. त्यांनी शिव्यांची तयारी ठेवावी.

पुढची तपासणी चौदा एप्रिलनंतरची घेतली आहे, म्हणजे तुमची नागपूरची गर्दी आटोपलेली असेल. तू ये. मी एकटी आत जाणार नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत बस. मी मध्येच इंग्रजीत शिरले तर चिमटा काढ, डॉक्टर बघत असले तरी काढ. आणि बाहेर आल्यावर, ते काय म्हणाले ते सगळं मला पुन्हा एकदा सांग, आई बोलायची तसं.

ताई